ययातीचे दुसरे पतन : अतिदीर्घायुष्य, मन आणि ओळख

प्रस्तावना

मराठी पत्रव्यवहारात धाकट्यांच्या नावाआधी 'चि.' आणि थोरांच्या नावाआधी 'ती.' लिहिण्याचा प्रघात आहे. लग्नपत्रिकेत वर 'चि.' असतो, वधू 'चि. सौ. कां.' असते, पत्रिकेचे निमंत्रक असलेले आजोबा मात्र स्वतःला चिरंजीव म्हणवून घेत नाहीत. 'चिरंजीव' हा शब्द भाषेत नेहमी वरून खाली, थोराकडून धाकट्याकडे जातो. आशीर्वाद देणारा आधी जाणार आणि घेणारा मागे राहणार, हा क्रम त्यात गृहीत धरलेला असतो. हा क्रमच मोडला, म्हणजे आशीर्वाद देणाराच मागे राहिला आणि घेणारे एकामागून एक निघून गेले, तर त्याच्या मनाचे काय होईल, हा प्रश्न साहित्याने फार प्राचीन काळापासून विचारला आहे.

या प्रश्नाचे सर्वपरिचित उत्तर इच्छेच्या परिभाषेत दिले जाते. माणूस फार काळ जगला तर एकतर त्याची वासना कधीच तृप्त होणार नाही, किंवा उलट सर्व वासना संपून जगणे नीरस होईल. पहिल्या उत्तराचा नायक ययाती आहे. दुसऱ्या उत्तराची नायिका चेक नाटककार कारेल चापेक यांची एमिलिया मार्टी आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही उत्तरांची चिकित्सा केली असून, चिरंजीवित्वाच्या प्रमुख कथा बारकाईने वाचल्यास त्यांतून तिसरेच उत्तर हाती येते, असे प्रतिपादन केले आहे. अतिदीर्घ आयुष्यात मनाला प्रथम जाणवणारी उणीव इच्छेची नसून ओळखीची आहे. 'हा कोण' हे सांगू शकणारी माणसे उरली नाहीत की मनाचा आधार सुटतो. ययातीच्या कथेतही हे आहे. मात्र त्या कथेचा तो भाग आधुनिक वाचकांच्या फारसा लक्षात राहिलेला नाही.

ययातीचे प्रचलित वाचन

महाभारताच्या आदिपर्वात शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली वार्धक्य येते. आपली जरा घेऊन तारुण्य द्यावे, अशी मागणी तो मुलांकडे करतो. चार मुलगे नकार देतात, धाकटा पूरू होकार देतो. हजार वर्षे भोग घेऊनही तृप्ती होत नाही हे उमगल्यावर ययाती तारुण्य परत करतो आणि पूरूला राज्य देऊन वनात जातो. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' (१९५९) या कादंबरीने हे कथानक मराठी मनात पक्के रुजवले. कादंबरीस १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या निवेदनांतून उलगडणाऱ्या या कादंबरीतील ययाती हा आधुनिक भोगवादी माणसाचे प्रतीक आहे. त्यामुळे तिचा भर कालावधीपेक्षा वासनेवर असणे स्वाभाविकच होते. गिरीश कर्नाडांच्या 'ययाति' (१९६१) या कन्नड नाटकाने प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडला. पित्याने लांबवलेल्या आयुष्याची किंमत पुढची पिढी मोजते. पूरूची पत्नी चित्रलेखा आत्मनाश पत्करते आणि तेव्हाच ययाती आपले वार्धक्य परत घेतो.

या दोन्ही कृतींचे महत्त्व वादातीत आहे. परंतु त्यांच्या प्रभावामुळे मराठी वाचकाच्या दृष्टीने दीर्घायुष्याचा प्रश्न हा संयमाचा प्रश्न होऊन बसला. वासना आवरली तर दीर्घ आयुष्य सुखाचे होईल, असा त्यातून सहज निघणारा अर्थ आहे. तो टिकतो का, हे पाहण्यासाठी वासना ओसरलेल्या दीर्घायुषी पात्राकडे वळणे आवश्यक ठरते.

माक्रोपुलोस प्रकरण : नीरसतेचा सिद्धांत आणि एक दुर्लक्षित प्रसंग

कारेल चापेक यांचे 'माक्रोपुलोस प्रकरण' हे नाटक १९२२ मध्ये रंगभूमीवर आले. लेओश यानाचेक यांनी त्यावर रचलेली संगीतिका १९२६ मध्ये बर्नो येथे प्रथम सादर झाली. सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या वैद्याने तीनशे वर्षे आयुष्य देणारे रसायन सिद्ध केले आणि त्याचा प्रयोग आपल्या मुलीवर, एलिना माक्रोपुलोसवर केला. तीनशेहून अधिक वर्षे जगलेली ही स्त्री दर काही काळाने देश आणि नाव बदलते. प्रत्येक नावाची आद्याक्षरे मात्र तीच राहतात. नाटक सुरू होते तेव्हा ती एमिलिया मार्टी या नावाने विख्यात गायिका आहे. रसायनाचा प्रभाव ओसरू लागल्याने जुन्या कागदपत्रांत अडकलेली कृती मिळवण्यासाठी ती प्रागमध्ये येते. कृती हाती येते. परंतु अखेरीस तिला ती नकोशी होते आणि क्रिस्टिना ही तरुण मुलगी तो कागद जाळून टाकते.

इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये 'प्रॉब्लेम्स ऑफ द सेल्फ' या संग्रहातील निबंधात या कथेवरून एक गाजलेला युक्तिवाद केला. माणसाच्या काही इच्छा 'जगलोच तर हे हवे' अशा असतात. काही मात्र 'हे करायचे आहे म्हणून जगायचे' अशा, जगण्यालाच कारण पुरवणाऱ्या असतात. स्वभाव स्थिर राहिला तर त्या स्वभावाला घडण्यासारखे आणि रुचण्यासारखे जे काही असते ते कधीतरी संपते, आणि मग कंटाळा अटळ होतो. स्वभाव पूर्णपणे बदलत गेला तर कंटाळा टळेल, पण मग जगणारी व्यक्ती 'तीच' आहे असे म्हणण्यास आधार उरणार नाही. मार्टीच्या बाबतीत पहिली शक्यता खरी झाली, असे विल्यम्स मानतात.

नाटकातील बराच भाग या निष्कर्षास पुष्टी देतो. तिच्यावर अनुरक्त झालेला कोवळा तरुण यानेक आत्महत्या करतो, तेव्हाही ती विचलित होत नाही. गाणे आणि मौन, प्रेम आणि तिटकारा यांत तिला भेद वाटेनासा झाला आहे. परंतु नीरसतेच्या सिद्धांतात न बसणारा एक प्रसंग चापेकने नाटकाच्या मध्यभागी ठेवला आहे. हाउक-शेंडॉर्फ हा भ्रमिष्ट म्हातारा मार्टीला भेटायला येतो. पन्नास वर्षांपूर्वी, १८७० मध्ये, स्पेनमध्ये त्याने युजेनिया मोंतेझ नावाच्या जिप्सी स्त्रीवर प्रेम केले होते आणि त्या प्रेमात त्याची बुद्धी हरपली होती. ही गायिका हुबेहूब तशीच दिसते, एवढेच त्याला म्हणायचे असते. इतर सर्वांशी तुसडेपणाने वागणारी मार्टी या एकाच माणसाशी मृदू होते. त्याला जुन्या लाडक्या नावाने हाक मारते, त्याच्याशी स्पॅनिश बोलते, त्याचे चुंबन घेते. पुढे तो तिला स्पेनला पळवून न्यायला येतो, तेव्हा ती निघण्यासही तयार होते.

या ओलाव्याचा उगम कशात आहे? हाउककडे रूप नाही, धन नाही, शहाणपण तर नाहीच. मार्टीला कोणताही नवा अनुभव देण्याची त्याची शक्ती नाही. कंटाळा हेच तिच्या दुखण्याचे मूळ असते, तर या जुन्यापुराण्या प्रेमिकाने तिला अधिकच कंटाळा यायला हवा होता. त्याच्यापाशी एकच गोष्ट आहे : तो तिला ओळखतो. नव्या नावाआड दडलेली जुनी ती त्याला दिसते. शहाण्यासुरत्या वकील-उमरावांच्या जगात तिची खरी ओळख एका वेड्यापाशी शिल्लक आहे, हा या नाटकातील मर्मभेदी विरोध आहे. तिचा थंडपणा इच्छा संपल्यामुळे आलेला नसून, इच्छा ज्यांच्यापाशी बोलून दाखवावी अशी माणसे संपल्यामुळे आला आहे, असे वाचन या प्रसंगाने शक्य होते.

स्विफ्टचे अमर : स्वदेशातील परदेशी

जोनाथन स्विफ्ट यांच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (१७२६) या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात लगनॅग या राज्यातील 'स्ट्रल्डब्रग' नावाच्या अमर माणसांचे वर्णन येते. डाव्या भुवईवर डाग घेऊन जन्मणारी अशी माणसे साऱ्या राज्यात सुमारे अकराशे आहेत. त्यांच्याविषयी ऐकताच गलिव्हर हर्षभरित होतो. आपण अमर असतो तर धन कसे मिळवले असते, शास्त्रे कशी आत्मसात केली असती, ज्ञानाचे जिवंत भांडार कसे झालो असतो, याचे तो मनोराज्य करतो. प्रत्यक्ष स्थिती वेगळी असते. या माणसांना अमरत्व आहे, तारुण्य नाही. ऐंशीव्या वर्षी कायदा त्यांना मृत मानतो. नव्वदीत दात, केस आणि चव जाते. मग ओळखीच्या वस्तूंची आणि जवळच्या आप्तांची नावेही आठवत नाहीत. वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचेतो आरंभ विसरत असल्याने वाचनाची करमणूकही उरत नाही.

टीकाकारांनी या प्रकरणातील शारीरिक ऱ्हासाच्या चित्रणाची पुष्कळ चर्चा केली आहे. मनाच्या दृष्टीने अधिक भेदक असा तपशील मात्र भाषेचा आहे. देशाची भाषा सतत बदलत असल्याने एका काळातील अमरांना दुसऱ्या काळातील अमरांचे बोलणे समजत नाही आणि दोनशे वर्षांनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी चार शब्दांपलीकडे संभाषण करता येत नाही. ते आपल्याच देशात परदेश्यासारखे राहतात. स्मृती शाबूत असती तरीही हे घडलेच असते, हे लक्षात घेतले पाहिजे. भाषा ही व्यक्तीच्या मेंदूत असते तितकीच ती समवयस्कांच्या मेळ्यात असते. तो मेळा पांगला की बोलणाऱ्याचे शब्द खोट्या नाण्यासारखे परत येतात.

मराठी वाचकास हे समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. ज्ञानेश्वरी इ. स. १२९० मध्ये रचली गेली, असे परंपरा सांगते. त्या काळातील एखादा माणूस आजवर जगला असता, तर आज ज्या मजकुराला टीपा आणि अर्थकोश लागतो ती त्याची घरातली बोली असती. नवी मराठी तो शिकलाही असता. पण बालपणी आईने ज्या शब्दांत समजूत घातली ते शब्द ऐकून डोळे भरून येणारे दुसरे कोणीही त्याच्या भोवती नसते.

महाभारतातील तीन साक्षी

इच्छेच्या चौकटीबाहेर जाणारे विवेचन महाभारतातच अधिक स्पष्टपणे सापडते. त्यासाठी तीन प्रसंग एकत्र वाचावे लागतात.

पहिला प्रसंग सौप्तिकपर्वातील आहे. रात्रीच्या संहारानंतर अश्वत्थाम्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले, तेव्हा श्रीकृष्णाने त्याला शाप दिला. शापाची मुदत तीन हजार वर्षांची आहे. चिरंतनत्व पुढील परंपरेने त्यास जोडले. लोकमानसात उरली आहे ती भळभळती जखम. तिच्यासाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा सातपुड्यात आणि नर्मदेच्या परिसरात सांगितल्या जाणाऱ्या आख्यायिकांत भेटतो. नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंबा येथे दिवाळीच्या सुमारास भरणारी आदिवासींची यात्राही त्याच्याशीच जोडलेली आहे. मूळ शापात मात्र दुर्गंधी आणि व्याधी यांच्याआधी एकाकीपणाचा उल्लेख आहे. कुठेही, कोणाशीही, कधीही 'संविद' न साधता तू भटकशील, असे कृष्ण म्हणतो. 'संविद' म्हणजे संभाषण, परस्परांना कळणे. व्यासांच्या दृष्टीने दीर्घायुष्याला शिक्षेचे रूप येते ते मुख्यतः याच अटीमुळे.

याच भाषणात कृष्ण आणखी एक गोष्ट सांगतो, तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. ज्या गर्भावर अस्त्र सोडले तो परिक्षित जगेल आणि कृपाचार्यांकडून अस्त्रविद्या शिकेल. कृप हा अश्वत्थाम्याचा मामा. रात्रीच्या संहारात शिबिराच्या दारावर तोही उभा होता. परंपरेच्या सात चिरंजीवांच्या यादीत मामा-भाचे दोघेही आहेत. एकाला तीन हजार वर्षे बोलायला कोणी नाही; दुसऱ्याला शिष्य आहे, आणि तोही शत्रुकुळातला. एकाच अपराधात सहभागी असलेल्या या दोन चिरंजीवांच्या दैवातील अंतर एका विद्यार्थ्याएवढे आहे.

दुसरा प्रसंग वनपर्वातील इंद्रद्युम्नाचा. पृथ्वीवर त्याची कीर्ती विसरली गेल्यामुळे हा राजर्षी स्वर्गातून खाली पडतो. तो दीर्घायुषी मार्कंडेयाकडे येतो आणि 'मला ओळखता का' असे विचारतो. मार्कंडेय ओळखत नाही. आपल्याहून वृद्ध अशा हिमालयातील घुबडाकडे त्याला नेतो. घुबडही ओळखत नाही. ते त्याहून जुन्या बगळ्याकडे नेते. बगळाही ओळखत नाही. अखेर सरोवरातील अकूपार नावाच्या कासवाला बोलावले जाते. कासव क्षणभर विचार करते, त्याचे डोळे पाण्याने भरतात, अंग थरथरते. याला न ओळखून कसे चालेल, याने येथे असंख्य यज्ञ केले, याने दक्षिणेत दिलेल्या गाईंच्या खुरांनी हे सरोवर झाले, असे ते सांगते. ती साक्ष मिळताच राजाला नेण्यासाठी विमान येते. या कथेत स्वर्गातील स्थानदेखील कोणाच्या तरी आठवणीवर उभे आहे. दीर्घायुषी असणे पुरेसे नाही, हेही तीत सुचवले आहे. मार्कंडेय, घुबड आणि बगळा तिघेही दीर्घायुषीच आहेत. साक्ष देता येते ती ज्याच्या आयुष्याला त्या माणसाचा स्पर्श झाला त्यालाच.

तिसरा प्रसंग पुन्हा ययातीचा. उद्योगपर्वातील कथेनुसार स्वर्गात दीर्घकाळ राहिलेला ययाती गर्वाने इतरांना तुच्छ लेखतो. त्याबरोबर स्वर्गवासी विचारू लागतात : हा कोण, कोणाचा, येथे कसा आला? द्वारपालांनाही उत्तर देता येत नाही. कोणीच ओळखत नाही असे झाल्यावर त्याचे तेज जाते आणि तो खाली पडतो. पडतो तो नैमिषारण्यात, आपल्या कन्येच्या, माधवीच्या, मुलांमध्ये. प्रतर्दन, वसुमना, शिबी आणि अष्टक हे चौघे नातू त्याला आपले पुण्य देऊ करतात, माधवीही आपला वाटा देते, आणि ययाती पुन्हा वर चढतो.

पहिल्या कथेत ययाती पुढच्या पिढीकडून तारुण्य मागून घेतो आणि अतृप्त राहतो. दुसऱ्या कथेत पुढची पिढी त्याला ओळखून आपण होऊन देते आणि तो तरतो. पहिल्या पतनाचे कारण वासना आहे. दुसऱ्याचे कारण इतरांना न ओळखणे आणि त्याचा परिणाम म्हणून स्वतः अनोळखी होणे हे आहे. दोन्ही कथा मिळून ययाती पूर्ण होतो. आधुनिक मराठी संवेदनेने त्यातली पहिली जपली आणि दुसरी बहुधा पुराणांतरीचा चमत्कार म्हणून सोडून दिली.

दोन आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, एखादाच दीर्घायुषी असेल तर तो एकाकी पडेल हे खरे. सर्वच जण दीर्घायुषी झाले तर साक्षीदारही टिकतील आणि प्रश्न मिटेल. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी 'बॅक टू मेथुसेला' (१९२१) या नाट्यपंचकात जवळपास हीच कल्पना केली. पाचव्या भागातील समाजात माणसे अपघात होईतो जगतात. परंतु चार वर्षांची बाल्यावस्था संपताच त्यांना कला, नृत्य, प्रेम आणि एकमेकांची संगत निरर्थक वाटू लागते; तेथील वृद्ध एकएकटे चिंतनात हिंडतात. शॉ यांना ही प्रगती वाटते. वाचकाला मात्र तेथे एकमेकांना काहीही सांगण्याची गरज न उरलेला समाज दिसतो. साक्ष ही केवळ सोबत असण्याने निर्माण होत नाही. परस्परांच्या आयुष्यात काही अपुरे असावे लागते, तेव्हाच दुसऱ्याच्या ओळखीला अर्थ येतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. मर्त्य माणसाला अमर साक्षीदार लाभला तर ते भाग्यच नव्हे का? सिमोन द बोव्हार यांच्या १९४६ मधील 'सर्व माणसे मर्त्य आहेत' या अर्थाच्या शीर्षकाच्या फ्रेंच कादंबरीत या आशेचीच परीक्षा घेतली आहे. रेजीन या अभिनेत्रीला, इटलीतील कार्मोना नगरात १२७९ मध्ये जन्मलेला फोस्का भेटतो. त्याच्या स्मरणात राहिले तर आपणही अमर होऊ, असे तिला वाटते. शतकानुशतकांची त्याची हकीकत ऐकताना तिच्या लक्षात येते की ज्याने सर्वांना पाहिले आहे त्याच्या लेखी आपण गवताच्या पात्याएवढ्याच आहोत. कादंबरीचा शेवट तिच्या किंकाळीने होतो. ज्याला स्वतःला काही गमावायचे नाही त्याची आठवण ही नोंदवही असते, साक्ष नसते. कासवाचे डोळे भरून आले. फोस्काचे येत नाहीत.

प्रत्यक्षातील दीर्घायुष्य

साहित्यातील कल्पना बाजूला ठेवून वास्तवाकडे पाहिले, तरी याच दिशेने विचार करावा लागतो. सर्वाधिक आयुर्मानाची नोंद असलेल्या फ्रान्समधील झान काल्माँ यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८७५ रोजी झाला आणि ४ ऑगस्ट १९९७ रोजी, १२२ वर्षे १६४ दिवसांच्या वयात, त्यांचे निधन झाले. २०१८ मध्ये रशियन अभ्यासकांनी या नोंदीविषयी शंका घेतली, तिला फ्रेंच अभ्यासकांनी २०१९ मध्ये उत्तर दिले. वयाच्या ११८ व्या वर्षी झालेल्या मानसिक चाचण्यांत त्यांची शाब्दिक स्मृती आणि भाषेचा ओघ ऐंशी-नव्वदीतील माणसांच्या बरोबरीचा आढळला. नेदरलँड्समधील हेन्ड्रिक्ये फान अँडेल-शिपर यांचे २००५ मध्ये ११५ व्या वर्षी निधन झाले. देहदानानंतर झालेल्या तपासणीत त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या विकाराच्या खुणा नगण्य आढळल्या. शंभरी उलटल्यावर बुद्धी जाणारच, हे स्विफ्टचे गृहीतक या उदाहरणांपुरते तरी टिकत नाही.

परंतु बुद्धी टिकली म्हणून भोवतालची माणसे टिकत नाहीत. काल्माँ यांची एकुलती कन्या १९३४ मध्ये, पती १९४२ मध्ये आणि एकुलता नातू १९६३ मध्ये गेला. शेवटच्या वंशजानंतर त्या ३४ वर्षे जगल्या. मानसशास्त्रज्ञांच्या पाहणीनुसार उतारवयातील माणसांना आयुष्यातील साधारण दहा ते तीस या वर्षांच्या आठवणी इतर काळापेक्षा अधिक दाट येतात. त्या वर्षांचे साक्षीदार समवयस्कच असतात. म्हणजे अतिदीर्घ आयुष्यात मन ज्या काळात सर्वाधिक वावरते, त्याच काळाविषयी बोलायला समोर कोणी नसते. या अवस्थेस बाहेरून पाहणारे 'विरक्ती', 'कंटाळा' किंवा 'भ्रम' अशी नावे देतात. मार्टीलाही तिच्या भोवतालचे लोक थंड काळजाची समजत होते.

याची दुसरी बाजू महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात दिसते. १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेले कर्वे ९ नोव्हेंबर १९६२ रोजी १०४ व्या वर्षी निवर्तले. 'आत्मवृत्त' त्यांनी १९१५ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी प्रसिद्ध केले. सर्वसाधारण हिशेबाने ते आयुष्याच्या उत्तरार्धातील सिंहावलोकन होते. त्यानंतर १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीचे मंडळ आणि १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ अशी कामे उभी राहिली. ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव १९५३ मध्ये गेले. पित्याने त्यांच्यामागे नऊ वर्षे काढली. क्रम मोडण्याचे दुःख त्यांनाही चुकले नाही. तथापि जुने साक्षीदार कमी होत असताना नव्या पिढीच्या कामात शिरून त्यांनी नवे साक्षीदार मिळवले. त्यांना 'अण्णा' म्हणून ओळखणाऱ्या विद्यार्थिनींचा ओघ आटला नाही. त्यांचे दैव अश्वत्थाम्यापेक्षा कृपाचार्यांच्या जवळचे होते.

या उदाहरणावरून सर्व वृद्धांनी कार्यमग्न राहावे असा उपदेश काढणे अन्यायाचे होईल. प्रत्येकाला संस्था उभारता येत नाही. शिवाय ओळख ही एकट्याच्या कर्तृत्वाने मिळणारी वस्तू नाही. ती देणारा कोणी असावा लागतो. इंद्रद्युम्न कितीही मोठा दाता असला तरी कासवाने तोंड उघडेपर्यंत तो निराधारच होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. अतिदीर्घायुष्याच्या मानसिक परिणामांचा विचार करताना अतृप्ती आणि नीरसता ही दोन स्पष्टीकरणे अपुरी पडतात. चापेकच्या नाटकातील हाउकचा प्रसंग, स्विफ्टमधील भाषेचा तपशील आणि अश्वत्थाम्याचा शाप यांतून ओळखीचा व संवादाचा अभाव हे अधिक मूलभूत कारण म्हणून पुढे येते.

२. विल्यम्स यांनी मांडलेल्या पेचात व्यक्ती एकटी गृहीत धरली आहे. 'मी तोच आहे का' या प्रश्नाचे उत्तर व्यक्तीच्या स्वभावात जितके असते तितकेच तिला पूर्वीपासून ओळखणाऱ्यांच्या साक्षीत असते. साक्ष नाहीशी झाली की स्वभाव स्थिर असूनही व्यक्ती स्वतःला परकी होऊ शकते.

३. साक्षीदार समदुःखी, म्हणजे काही गमावू शकणारा असावा लागतो. शॉ यांचे वृद्ध आणि बोव्हार यांचा फोस्का हे या अटीच्या अभावाचे दाखले आहेत. त्यामुळे आयुर्मान सर्वांसाठी वाढवल्याने हा प्रश्न आपोआप सुटणार नाही.

४. ययातीच्या कथेचे आधुनिक वाचन तिच्या पूर्वार्धापुरते मर्यादित राहिले आहे. उद्योगपर्वातील दुसरे पतन आणि नातवंडांनी केलेला उद्धार यांसह ती अभ्यासक्रमांत आणि समीक्षेत वाचली गेल्यास, दीर्घायुष्याचा प्रश्न संयमाकडून परस्परसंबंधाकडे वळेल.

आयुर्मान वाढत असलेल्या समाजात या चर्चेला व्यावहारिक अंगही आहे. घरातील नव्वदीच्या माणसाने चौथ्यांदा तीच आठवण सांगितली म्हणजे त्याची स्मृती ढळली, असे मानण्याची घाई होते. ज्या आठवणीला दुजोरा देणारे सगळे गेले, ती पुन्हा पुन्हा उच्चारून तिची साक्ष आपणच काढण्याचा तो प्रयत्नही असू शकतो. ऐकणाऱ्याला त्या काळाचा स्पर्श झालेला नसतो, हे खरे. परंतु ययातीच्या नातवंडांनीही त्याला पूर्वी पाहिलेले नव्हते. समोर पडलेल्या अनोळखी वृद्धाला त्यांनी आधी 'तू कोण' असे विचारले आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले.